मायस्थेनिया (स्नायू पटकन थकवणारा आजार) असलेली व्यक्ती सकाळी ठणठणीत आणि संध्याकाळी गळून गेलेली, असं का होतं? घरचे म्हणतात, कामाच्या वेळीच बरं दुखणं येतं.

नाटक नाही हो, या आजाराची खूणच ती आहे. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये स्नायू धडधाकट असतो, पण नसेकडून आलेला ॲसिटिलकोलीन या रसायनाचा निरोप तो नीट घेत नाही, कारण शरीराचीच प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तिथले निरोप घेणारे रिसेप्टर अडवतात. म्हणून पहिले चार घास नीट चावले जातात आणि अर्ध्या भाकरीनंतर जबडा हाताने धरावा लागतो. माझ्या मावशीचं अगदी असंच. वेणी घालताना हात खाली यायचे, फोनवर बोलता बोलता आवाज नाकातून यायला लागायचा. थोडं बसली की पुन्हा ठीक. हे बघणाऱ्याला खोटं वाटतं, त्यात नवल नाही.

या आजारावरची पायरिडोस्टिग्मिनची गोळी साधारण अर्ध्या-पाऊण तासात लागू पडते आणि तीन-चार तास टिकते. डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ जेवणाआधी अर्धा तास बसवून घेतली, तेव्हा मावशीचं जेवण सुटसुटीत झालं. आंघोळ स्टुलावर बसून, तीही कोमट पाण्याने. उष्णतेने अशक्तपणा वाढतो. जड कामं सकाळीच.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: सिप्रोफ्लॉक्सासिन, ॲझिथ्रोमायसिन यांसारख्या अँटिबायोटिक्सनी त्रास बळावू शकतो, तेव्हा दाताच्या डॉक्टरांनाही आजाराचं नाव आधी सांगा. आणि पाणी गिळताना ठसका लागू लागला किंवा आडवं झाल्यावर धाप लागली, तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.