संपमध्ये प्रोटीन स्किमर कोणत्या कप्प्यात बसवावा?
मडगावच्या घरातील खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीखालील संपमध्ये (पाणी गाळण्यासाठीच्या, कप्पे असलेल्या खालच्या टाकीत) स्किमर (फेस करून पाण्यातील सेंद्रिय घाण काढणारे उपकरण) कोठे बसवावा, असे आपण विचारले आहे. फिल्टर सॉकनंतरच्या (पाणी गाळणाऱ्या कापडी पिशवीनंतरच्या), पाण्याची पातळी स्थिर राहणाऱ्या कप्प्यातच तो बसवावा. बाष्पीभवनाची घट रिटर्न पंपाच्या (पाणी वरच्या टाकीत परत चढवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यात दिसते, त्यामुळे तेथे ठेवलेल्या स्किमरचा फेस पातळी उतरली की घाण गोळा करणाऱ्या वरच्या कपापर्यंत चढत नाही आणि पाणी भरले की ओसंडतो. अनेक स्किमरना १८ ते २३ सेंटिमीटर पाण्याची खोली मानवते, तरी उत्पादकाचा आकडाच प्रमाण मानावा. वीज गेली की (आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती जातेच) वरच्या टाकीतील पाणी खाली उतरते, म्हणून संप काठोकाठ भरू नये आणि पंप मुद्दाम बंद करून एकदा पडताळावे. घट भरताना गोडे आरओ (क्षार काढून शुद्ध केलेले) पाणीच घालावे, कारण मीठ उडून जात नाही.