ब्लू-रे फक्त प्लेस्टेशनमुळे जिंकली का?

तुम्ही विचारलंय की डीव्हीडीची जागा घ्यायला निघालेल्या दोन हाय-डेफिनिशन डिस्कपैकी ब्लू-रे केवळ सोनीच्या प्लेस्टेशन ३ या गेम कन्सोलच्या जोरावर जिंकली का, आणि तिची स्पर्धक एचडी डीव्हीडी खरंच कमी दर्जाची होती का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नाही, सुरुवातीला तर मुळीच नाही. माझ्याकडे तेव्हा दोन्ही प्लेअर होते आणि पहिल्या वर्षात चित्र पाहावं ते एचडी डीव्हीडीवरच.

दोघींचा लेझर एकच, ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. खरा फरक होता माहितीचा थर डिस्कमध्ये किती खोल ठेवायचा याचा. एचडी डीव्हीडीवाल्या तोशिबाने डीव्हीडीचीच ०.६ मिलिमीटर खोली कायम ठेवली, त्यामुळे जुन्याच यंत्रांवर थोडे फेरफार करून डिस्क काढता येत. ब्लू-रेवाल्या सोनी आणि तिच्या जोडीदारांनी तो थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आणला. वरचं आवरण इतकं पातळ असलं की जास्त ताकदीचं भिंग वापरता येतं, लेझरचा ठिपका आणखी बारीक होतो आणि एका थरात १५ ऐवजी २५ जीबी मावतात. पण ओरखडा पडला की संपलं! म्हणून सुरुवातीच्या ब्लू-रे डिस्क चक्क कार्ट्रिजमध्ये बंद असत. टीडीके कंपनीचा कडक लेप आला तेव्हा कुठे त्या उघड्या विकता आल्या.

मग २००६ मध्ये चित्र उलटं का दिसलं? कारण दोन थरांची ५० जीबीची ब्लू-रे सुरुवातीला बाजारात नव्हतीच. सिनेमे एकाच थरावर, तेही बऱ्याचदा एमपीईजी-२ या जुन्या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीत, कोंबलेले. समोर एचडी डीव्हीडीकडे दोन थरांत ३० जीबी आणि व्हीसी-१ सारखा नवा कोडेक. शिवाय अमेरिकेत तोशिबाचा प्लेअर ४९९ डॉलरला, सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर ९९९ ला. एचडी डीव्हीडीला रीजन कोडही नव्हता, म्हणजे डिस्क ठराविक देशांतल्याच प्लेअरवर चालावी असं कुलूप नव्हतं. ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते.

आता प्लेस्टेशन. नोव्हेंबर २००६ पासून विकला गेलेला प्रत्येक प्लेस्टेशन ३ हा ब्लू-रे प्लेअरही होता. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलसाठी मात्र एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागे. त्याने पारडं झुकलं, हे खरंच. पण ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट ही सिनेमा कंपनी एचडी डीव्हीडीकडे गेली, तेव्हा लढाई अजून चालूच होती. माझ्या मते निकाल लावला तो वॉर्नर या सिनेमा कंपनीने. ती दोन्हीकडे सिनेमे काढायची. ४ जानेवारी २००८ ला तिने यापुढे फक्त ब्लू-रे असं जाहीर केलं आणि एचडी डीव्हीडीच्या गटाला लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनातली पत्रकार परिषदच रद्द करावी लागली. फेब्रुवारीत डिस्क भाड्याने देणारी नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय, वॉलमार्ट ही दुकानं एकामागोमाग एक ब्लू-रेकडे गेली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली. स्वस्त प्लेअर असून काय उपयोग, हवे ते सिनेमेच मिळेनासे झाले तर?

तुमच्याकडे जुन्या एचडी डीव्हीडी असतील तर कपाटात ठेवून देऊ नका. माझ्या काही डिस्क वर एकही ओरखडा नसताना मध्येच अडकायला लागल्या आहेत. एक्सबॉक्स ३६० चा तो वेगळा ड्राइव्ह यूएसबीचा आहे, संगणकाला जोडता येतो. तो मिळाला तर एकेक डिस्क लावून कुठली अजून चालते ते आत्ताच बघून घ्या.