हिशेब तुमचा, कुलूप दुसऱ्याचं

प्रश्न : सांगलीच्या गणपती पेठेत आम्हा दोघा भावांचं किराणा मालाचं होलसेल दुकान आहे, भागीदारीत. चार वर्षांपूर्वी एकाकडून बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवून घेतलं. बिलावर ‘कायमस्वरूपी परवाना, एक वर्ष मोफत सेवा’ असं आहे. यंदा त्यांनी देखभालीचे पैसे दुप्पट मागितले, आम्ही नको म्हणालो. आठवड्याभरात सॉफ्टवेअर बंद! ‘परवाना संपला’ एवढंच येतं. पार्ट्यांची उधारी, स्टॉक, सगळं आत. दुसरा एक जण नावाजलेलं अकाउंटिंग सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून, अडीच हजारात टाकून देतो म्हणतो. काय करावं?

उत्तर : आधी क्रॅकचं सांगतो, कारण ते आजच टाळता येईल. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे, प्रत नकली आहे हे ठाऊक असताना ती संगणकावर वापरली तर ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं. तुमचा धंद्यासाठीच आहे. टाकून देणाराही अडकेल, पण प्रत सापडेल ती तुमच्या गल्ल्याशेजारी.

आता मूळ दुखणं. पैसे देऊन बनवून घेतलं म्हणून प्रोग्रॅमचा कॉपीराइट तुमचा होत नाही, त्यासाठी लेखी हस्तांतर लागतं. पण आतल्या पार्ट्या, त्यांची बाकी, बिलं हा तुमच्या धंद्याचा हिशेब आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे तो वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची जबाबदारी तुमच्यावर आहे, सॉफ्टवेअरवाल्यावर नाही. म्हणजे २०२१-२२ चा हिशेब ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत. उद्या अधिकाऱ्याने मागितला तर ‘तो उघडत नाही’ हे उत्तर चालणार नाही.

तुमच्या बिलावरचा ‘कायमस्वरूपी’ हा शब्द फार मोलाचा आहे. देखभाल नाकारली तर ते सेवा बंद करू शकतात, विकलेला परवाना नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली, मालकाच्या परवानगीविना त्याच्या संगणकात ढवळाढवळ करणाऱ्याकडून किंवा हक्काच्या माणसाला त्याचा वापर करू न देणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागता येते. ५ कोटींपर्यंतचे असे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात. हेतू अप्रामाणिक असेल तर कलम ६६ खाली तो गुन्हाही होतो. तरी पोलिसांत जायची घाई करू नका. तो हेतू सिद्ध करावा लागतो, आणि तपासासाठी तुमचाच संगणक जप्त झाला तर ऐन वसुलीत काय कराल?

आजच सॉफ्टवेअरचं सगळं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला बॅकअप घ्यायचा हक्क कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ देतं. संगणक फॉरमॅट करू नका, लांबून संगणक हाताळायची परवानगी कुणालाही देऊ नका. पडद्यावरच्या संदेशाचे फोटो आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपा. मग वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस द्या : १५ दिवसांत पार्टीनिहाय खातं, येणी-देणी, स्टॉक एक्सेलमध्ये द्या. तेवढ्या कामाचे ते थोडे पैसे मागतील. रक्कम वाजवी असेल तर ‘हक्क राखून’ (म्हणजे दाव्याचा हक्क न सोडता) असं लिहून द्या आणि हिशेब सोडवा. भांडण नंतर करता येतं, अडलेली उधारी थांबत नाही. दरम्यान तुमच्या सीएंना जीएसटी पोर्टलवरून नोंदणीकृत पार्ट्यांची बिलं काढायला सांगा. कुणाकडे किती बाकी आहे ते त्यातून कळणार नाही, पण विक्री-खरेदी तरी जुळेल.

ग्राहक आयोगात जावं का? सांगलीतच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. पण व्यापारासाठी घेतलेल्या वस्तू-सेवेचा खरेदीदार सहसा ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलं, हे दाखवावं लागेल. होलसेलवाल्याला ते जड जाईल. मला दिवाणी दावा जास्त भरवशाचा वाटतो.

नवं सॉफ्टवेअर घेताना किमतीआधी एकच परीक्षा करा. विक्रेत्याला समोर बसवून दहा बिलं टाका आणि सगळं बाहेर एक्सेलमध्ये काढून दाखवायला सांगा. काढता येत नसेल तर फुकटातही नको. वर्गणी संपल्यावर जुना हिशेब किमान वाचता येईल, आणि मागितल्यावर डेटा किती दिवसांत देतील, हे कोटेशनवरच लिहून घ्या. ‘सर्व वाद पुणे न्यायालयात’ अशी ओळ असेल तर सहीआधी खोडायला लावा. ऑडिट ट्रेलची (हिशेबातल्या प्रत्येक बदलाची आपोआप राहणारी नोंद) भीती घालून महागडी आवृत्ती गळ्यात मारू पाहतील. १ एप्रिल २०२३ पासूनची ती सक्ती कंपन्यांना आहे, भागीदारी फर्मला नाही. आणि बॅकअपची एक प्रत पेठेबाहेर ठेवाच. २०१९ च्या पुराचं पाणी तुम्ही पाहिलंय.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही : तुमची फर्म नोंदवलेली आहे का? भागीदारी कायदा १९३२ च्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारातल्या हक्कासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. नुसतं स्टॅम्पपेपरवरचं भागीदारीपत्र पुरत नाही. नोंदणी नसेल तर नोटीस खुशाल जाऊ द्या, पण दावा लावण्याआधी नोंदणी आणि त्यात तुम्हा दोघांची नावं, दोन्ही झालेली हवीत.