विंडोज ११ टाकल्यावर वायफाय सारखं तुटतंय, राउटर बदलू का?

तुम्ही लिहिलंय की विंडोज १० वरून ११ केल्यापासून डेस्कटॉपचं वायफाय दर दहा-पंधरा मिनिटांनी तुटतं, मोबाइलवर मात्र तेच वायफाय मस्त चालतं. मग राउटरचा काय गुन्हा? त्याला राहू दे तिथंच.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात मी हिशेब बघतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून आम्हीही अपग्रेड केलं आणि अगदी हेच झालं. १९ तारखेची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी जीएसटी रिटर्नची मुदत, आणि मालक दर पाच मिनिटांनी खुर्चीमागं येऊन “झालं काय ओ?” फोनवर दुरुस्तीवाल्यानं न बघताच नवा राउटर सांगितला होता.

आधी अडलेलं काम काढा. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं कॉम्प्युटरला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. आमचं रिटर्न असंच गेलं. ड्रायव्हर (विंडोजला वायफायचं यंत्र चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) उतरवायलाही नेट लागतंच.

मग स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर, त्यात नेटवर्क अडॅप्टर्स. तुमचं वायफाय लागून तुटतंय, म्हणजे वायफायचा अडॅप्टर तिथं दिसेलच; आमचा म्हणजे डोंगल, यूएसबीत खोचायचा वायफायचा तुकडा. अपग्रेडमध्ये विंडोज बऱ्याचदा जुना ड्रायव्हर काढून स्वतःकडचा बसवतं, आणि जुन्या डोंगलला तो मानवत नाही. अडॅप्टरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरच्या टॅबवर ‘रोल बॅक’ दाबता येत असेल तर दाबा. आमच्याकडं ते बटण फिकट होतं. तेव्हा ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, मग ‘लेट मी पिक’ असं आत गेलो. यादीत एकाच डोंगलचे दोन ड्रायव्हर निघाले, त्यातला जुना निवडला. तिथंच पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबवर वीज वाचवायला डिव्हाइस बंद करण्याची टिक असते, तीही काढली. हे झाल्यावर शट डाउन नको, रीस्टार्टच करा. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउननं विंडोज पुरतं बंद होत नाही.

एवढं करूनही दिवसातून चार-पाच वेळा तुटायचंच. शेवटी वैतागून सीपीयू भिंतीपासून ओढला. मागं बोटभर धूळ, त्यात लेथचा बारीक चुरा, आणि डोंगलला अगदी खेटून निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क! अपग्रेडच्या आधी बॅकअप घ्यायला मीच लावलेली, काढायची राहिली होती. यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतं, आणि साधा डोंगल त्याच पट्ट्यात बोलतो. त्यात पुढं सीपीयूची पत्र्याची पेटी आडवी. डिस्क काढली, फूटभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल टेबलावर आणला. त्या दिवसापासून तुटलेलं नाही. मी आठवडाभर विंडोजला शिव्या घातल्या, त्यातल्या निम्म्या माझ्याच नावावर जमा करायला हव्यात. तुम्हीही बॅकअप घेतला असेल तर आधी मागं वाकून बघा.

‘नेटवर्क रीसेट’ मात्र अगदी शेवटी. त्यात साठवलेले वायफाय पासवर्ड उडतात. आमचा पासवर्ड काम सोडून गेलेल्या माणसालाच ठाऊक होता, त्यामुळं मी त्या बटणाला हातच लावला नाही.

अपग्रेडला दहा दिवस व्हायचे असतील तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, रिकव्हरी इथं ‘गो बॅक’ मिळतं, विंडोज १० परत येतं. पण नुसत्या वायफायसाठी मी तरी एवढं करणार नाही. डोंगल विंडोज ७ च्या जमान्यातला असेल आणि कंपनीनं त्याचा नवा ड्रायव्हर काढलाच नसेल, तर राजारामपुरीत जाऊन नवा घ्या, पण राउटर नव्हे, डोंगल. आणि घेताना ५ गिगाहर्ट्झवर चालणारा मागा. तुमचा राउटर ५ चा नसला तरी २.४ वर तो चालेलच.