मुलाला मामाच्या हवाली करा

मेलबर्नहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा तेरा वर्षांचा. मंडळाच्या गणपतीत लेझीम खेळतो, मोदक हाणतो, पण घरी मराठीत विचारलं की उत्तर इंग्रजीत. "आता आणखी काय करायचं आम्ही?"

ताई, आणखी काही करू नका. थोडं दुसऱ्यावर सोपवा.

इंडोनेशियात पश्चिम सुमात्रातले मिनांगकाबाउ लोक आहेत. त्यांच्यात वडिलोपार्जित घर-जमीन आईकडून लेकीकडे जाते, मुलांचं कुळही आईचंच. मग तरुण मुलगे नशीब काढायला बाहेर पडतात. याला ते 'मरांताउ' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या हे चालू आहे. मलेशियातलं नेगेरी सेंबिलान राज्य त्यांच्याच वस्तीतून उभं राहिलं आणि आईकडून वारसा चालवायची रीत तिथे आजही आहे.

खाण्याचं म्हणाल तर ते आपोआप टिकतं. पडांग हे त्यांच्याकडचं शहर, त्याच्या नावाच्या त्यांच्या खानावळी इंडोनेशियाभर आहेत. वेटर हातावर बशांची उतरंड रचून आणतो, सगळं टेबलावर मांडतो आणि खाल्लं तेवढ्याचेच पैसे घेतो. पण खानावळीने भाषा टिकत नाही. जकार्तात वाढलेली त्यांची कित्येक पोरंही इंडोनेशियनच बोलतात.

तरी आपलं कुळ कुठलं, गाव कुठलं, हे त्यांना माहीत असतं, कारण त्यांना कुणीतरी विचारणारं असतं. भाच्याला वळण लावायची जबाबदारी परंपरेने मामाची. शब्द ऐका: 'मामाक'! शिवाय परगावी गावाच्या नावाने मंडळं असतात, वर्गणी काढून गावाकडची कामं होतात, आणि ईदला 'पुलांग बासामो', म्हणजे सगळ्यांनी मिळून गाव गाठायचं. (आपले कोकणातले चाकरमानी शिमग्या-गणपतीला वेगळं काय करतात?)

तेव्हा तुमच्या भावाला कामाला लावा. त्याचा मोबाईल अडला, वीजबिल ऑनलाइन भरता येईना, की त्याने तुम्हाला नाही, थेट भाच्याला फोन करायचा. गावच्या देवळाची वर्गणीही मुलाच्या नावाने जाऊ दे. पावतीवर देवनागरीत छापलेलं आपलं नाव तो वाचेलच.

फक्त भावाला आधी बजावून ठेवा. पोरगं इंग्रजीत बोललं तरी आपलं इंग्रजी पाजळायचं नाही, "काय म्हणालास रे?" एवढंच विचारायचं.