माकडतापाची साथ, उद्रेक, लागण आणि संसर्ग

प्रश्न असा आहे: अमेरिकी विषाणुशास्त्रज्ञ टेल्फर्ड वर्क यांच्या माकडतापावरील संशोधनाबद्दल मराठीत लिहायचे आहे. तिथे ‘साथ’ म्हणावे की ‘उद्रेक’? आणि ‘लागण’ व ‘संसर्ग’ एकमेकांच्या जागी चालतात का?

आधी काय घडले ते पाहू, कारण शब्द त्यावरूनच ठरतो. 1957 साली आजच्या कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांतली माणसे तापाने फणफणली. पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था, एनआयव्ही) 1952 साली सुरू झालेले. वर्क तेव्हा त्याचे संचालक होते. माकडे मरतात म्हणून पहिला संशय पीतज्वराचा (यलो फीव्हर) आला. प्रत्यक्षात हाती लागला तो नवाच विषाणू, माकडतापाचा: रशियात गोचिडींमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूंचा नातलग.

या 1957 च्या घटनेला ‘उद्रेक’ म्हणणे मला अगदी योग्य वाटते. उद् + रिच् यातून आलेल्या या शब्दात मर्यादा ओलांडून उसळणे आहे. ज्वालामुखीचा उद्रेक, असंतोषाचा उद्रेक. ठरावीक जागी, अनपेक्षितपणे, एकदम. ‘साथ’ वेगळी. ती येते, पसरते, जोरात असते, ओसरते. तिला काळाची लांबी आहे, आणि ‘सध्या साथ चालू आहे’ असे आपण सहज म्हणतो. ‘सध्या उद्रेक चालू आहे’ हे कानाला खटकते, कारण उद्रेक ‘होतो’. माकडताप पुढे थंडी सरता सरता ते उन्हाळ्यापर्यंत पुन्हा पुन्हा डोके वर काढू लागला, गोचिडींची पिल्ले जंगलात सुळसुळतात तेव्हा. त्या हंगामाबद्दल लिहिताना ‘साथ’ चुकीची नाही. सिंधुदुर्गातल्या रुग्णांच्या बातम्यांत ‘माकडतापाची साथ’ असे वाचले तर ते दुरुस्त करायला जाऊ नये.

‘महामारी’ मात्र इथे नकोच. त्या शब्दात मरण आहे, पसाऱ्याचे माप नाही. जगभर पसरलेल्या साथीला ‘महासाथ’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे. 2009 चा स्वाइन फ्लू महासाथ होता. ते ठरले तो किती देशांत पसरला यावरून, किती माणसे दगावली यावरून नव्हे.

आता लागण आणि संसर्ग. खरा घोळ इथे होतो. ‘संसर्ग’ म्हणजे मुळात संपर्क, सहवास. सुश्रुतसंहितेच्या ‘निदानस्थान’ या भागात अंगस्पर्श, श्वास, एकत्र जेवण, एकत्र निजणे, दुसऱ्याची वस्त्रे वापरणे यांतून काही रोग ‘संक्रामन्ति नरान्नरम्’ म्हणजे माणसाकडून माणसाकडे जातात असे म्हटले आहे. सामान्य वाचकाच्या मनात ‘संसर्ग’ म्हटले की हेच चित्र उभे राहते. माकडताप तसा पसरत नाही. सरपणाला गेलेल्या बाईला गोचीड चावते आणि ताप येतो. तिच्या उशाशी बसणाऱ्याला तो तिच्यापासून होत नाही. म्हणून ‘गावात संसर्ग पसरला’ असे लिहिले, तर लोक आजाऱ्यालाच टाळू लागतील. ‘गोचीड चावल्याने लागण झाली’ असे लिहावे. रोग कुठून आला यावर ‘लागण’ हा शब्द काही लादत नाही, एवढेच सांगतो की रोग लागला.

पण सगळीकडे ‘लागण’ घालूनही भागत नाही. अवयवाबद्दल बोलताना ‘फुप्फुसाला संसर्ग’ हेच रुळलेले आहे. ‘फुप्फुसाची लागण’ कोणी म्हणत नाही. शिवाय लागण झालेला प्रत्येक माणूस ‘रुग्ण’ नसतो. पोलिओच्या विषाणूची लागण झालेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही. सुमारे 200 जणांत एखाद्यालाच कायमचे लुळेपण येते. ‘200 रुग्ण’ आणि ‘200 जणांना लागण’ यांत म्हणून मोठे अंतर आहे, आणि शास्त्रज्ञाचे सगळे काम त्या अंतरातच चालते.

‘माकडताप’ या नावाबद्दलही एक वाक्य लेखात जरूर घाला. कन्नडमध्येही त्याला ‘मंगन कायिले’, माकडाचा आजार, म्हणतात. नाव ऐकून माकडे रोग देतात असे वाटते. वास्तविक तीही त्याच गोचिडींची भक्ष्ये आहेत, आणि मेलेले माकड हा जंगलात विषाणू फिरतो आहे याचा इशारा असतो. नाव बदलण्याची गरज नाही, फक्त पहिल्याच उल्लेखात गोचीड यावी.

‘विषाणू’ एकटा असताना शेवटचा ‘णू’ दीर्घ, समासात पहिले पद असताना ऱ्हस्व: विषाणुजन्य, विषाणुशास्त्र. आणि प्रयोगशाळेत विषाणू ‘वेगळा केला’ असेच लिहा. ‘विलगीकरण’ हा शब्द 2020 नंतर रुग्णाला बाजूला ठेवण्यासाठी इतका पक्का झाला आहे, की ‘वर्क यांनी विलगीकरण केले’ वाचून अर्धे वाचक क्यासनूरच्या गावकऱ्यांना खोल्यांत बंद केले असे समजतील.