लेन्स बसते, मग फोकस का होत नाही?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे. नुकतीच जुनी ५० एमएम एफ १.८ डी लेन्स घेतली. कॅमेऱ्यावर नीट बसते, पण शटर दाबलं की ‘एफईई’ असं काहीतरी लुकलुकतं आणि फोटोच निघत नाही. फोकसची मोटरही हालत नाही. लेन्स बिघडलेली मिळाली का? परत करू का? (धरमपेठ)

उत्तर : लेन्स बहुतेक ठणठणीत आहे. तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या अडचणी एकाच वेळी आल्यात. त्यातली एक अर्ध्या मिनिटात सुटते, दुसरी सुटत नाही.

आधी सुटणारी. डी लेन्सला माउंटच्या (कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याच्या) अगदी जवळ अ‍ॅपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची, वेगळी रिंग असते, तिच्यावर १.८ पासून २२ पर्यंत आकडे असतात. त्यातला २२ नारिंगी रंगात असतो. रिंग त्या आकड्यावर नेऊन ठेवा आणि शेजारची बारीक कळ सरकवून तिथेच लॉक करा. ‘एफईई’ जाईल. रिंग मधल्या कुठल्याही आकड्यावर असली की बॉडीला (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याला) अ‍ॅपर्चरचा ताबा मिळत नाही, म्हणून ती शटरच अडवते. यापुढे अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याच्या डायलनेच बदलायचं, रिंगला हात लावायचा नाही.

आता न सुटणारी. लेन्स काढून तिची मागची बाजू बघा. धातूच्या कड्यात स्क्रूच्या डोक्यासारखी एक खाच दिसेल. या लेन्सच्या पोटात मोटर नसते. बॉडीतून बाहेर आलेलं पेचकसाचं टोक त्या खाचेत अडकतं आणि बॉडीची मोटर लेन्स फिरवते. डी७२००, डी७५००, डी७५० यांना हे टोक आहे. डी३५०० आणि तुमच्या डी५६०० ला नाही. त्यामुळे मेन्यूत कितीही शोधलं तरी इलाज सापडणार नाही.

हाताने फोकस मात्र चांगला जमतो. मेन्यूतल्या कस्टम सेटिंगमध्ये ऑटोफोकसच्या गटात ‘रेंजफाइंडर’ आहे, तो चालू करा. व्ह्यूफाइंडरमध्ये खालच्या पट्टीवर फोकस पुढे आहे की मागे ते दिसू लागेल. रिंग फिरवत जा, डावीकडचा हिरवा ठिपका स्थिर झाला की थांबा. एम मोडमध्ये ही पट्टी एक्स्पोजर (फोटोला मिळणारा उजेड) दाखवते, रेंजफाइंडर दाखवत नाही, तेव्हा ए मोडमध्येच काम करा. व्ह्यूफाइंडरजवळची डायॉप्टरची चकती आधी तुमच्या नजरेला जुळवून घ्या. ती बिघडलेली असली की सगळंच धूसर वाटतं आणि शिव्या लेन्सला बसतात. दीड मीटरवरच्या चेहऱ्यासाठी एफ १.८ ला जेमतेम साडेसहा सेंटीमीटर खोली स्पष्ट येते, एफ ४ ला चौदाच्या आसपास. हात बसेपर्यंत एफ ४ वरच राहा.

हे जमणार नसेल तर लेन्स परत करा आणि एएफ-एस ५० एमएम एफ १.८ जी घ्या. तिच्यात स्वतःची मोटर आहे.

प्रश्न : मग एएफ-पी (आत स्वतःची मोटर असलेली निकॉनचीच दुसरी) लेन्स तर सगळ्यांवर चालत असेल? डी५१०० साठी ७०-३०० बघतोय. (मानेवाडा)

उत्तर : नाही. उलट ही जास्त फसवी आहे. डी५१००, डी३२००, डी७०००, डी९० यांच्यावर एएफ-पी बसते, पण ऑटोफोकस नाही आणि हाताचा फोकसही नाही, कारण तिची फोकस रिंगसुद्धा विजेवरच चालते. डी५१०० वर एएफ-एस घ्या.

प्रश्न : कॅनन १५००डी आणि ५५-२५० घेऊन फुटाळा तलावावर बगळे टिपतो. उडत्या पक्ष्यावर फोकस धरला की शटर दाबताना तो मागच्या झाडांवर उडी मारतो. मागच्या बटणाने फोकस करता येतो म्हणतात. कसा? (गिट्टीखदान)

उत्तर : येतो, आणि पक्ष्यांसाठी तो करावाच. मोड डायल आधी पी, टीव्ही, एव्ही किंवा एम वर आणा. फुल ऑटोमध्ये कस्टम फंक्शनची पानंच दिसत नाहीत, आणि ‘माझ्या कॅमेऱ्यात ते नाहीच’ असं सांगणारे बहुतेक जण इथेच अडकलेले असतात. सेटअप मेन्यूत कस्टम फंक्शन उघडा, ‘शटर/एई लॉक बटण’ शोधा. चार पर्याय दिसतील, ० ते ३. बरेच जण १ निवडतात. त्यात मागच्या चांदणीच्या बटणाने फोकस होतो खरा, पण शटर अर्धं दाबलं की एक्स्पोजर लॉक होतं. बगळा सावलीतून उन्हात गेला की पांढरा फटक येतो. तुम्ही ३ निवडा. चांदणीने फोकस, शटरने फोटो, आणि एक्स्पोजर त्या क्षणीच्या उजेडाप्रमाणे.

एएफ मोड ‘एआय सर्व्हो’ (हलत्या वस्तूवर सतत फोकस धरणारा) ठेवा, फोकस बिंदू फक्त मधला. पक्षी उडतोय तोवर अंगठा चांदणीवर दाबून धरायचा, फांदीवर बसला की अंगठा उचलायचा. मग फोकस जागेवरच थांबतो आणि चौकट हवी तशी हलवता येते. या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरमुळे २५० एमएम म्हणजे १.६ च्या क्रॉपने ४०० झाले, तेव्हा बसलेल्या पक्ष्यालाही १/५०० च्या खाली जाऊ नका. उडणाऱ्याला १/१६०० तरी हवा.

एक धोका. कॅमेरा घरच्या कुणाच्या हातात दिला की सगळे फोटो धूसर येतील, कारण त्यांना चांदणी माहीतच नसते. कस्टम फंक्शन ‘माय मेन्यू’त (नेहमीच्या सेटिंग्जच्या तुमच्या यादीत) टाकून ठेवा, म्हणजे परत ० वर आणायला शोधाशोध करावी लागणार नाही. तिथे सहाच नोंदी मावतात, तेव्हा विचार करून भरा.

प्रश्न : तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या (काळ्या आणि पिवळ्या मोठ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीचे फोटो काढायचे आहेत. डी७२०० च्या डायलवरचे यू१, यू२ (स्वतःच्या सेटिंग्ज जपायच्या जागा) त्यासाठी कसे लावू? शिवाय माझा ‘माय मेन्यू’च गायब झालाय. (महाल)

उत्तर : गायब नाही, त्याच्या जागी ‘रिसेंट सेटिंग्ज’ आलंय. त्याच पानाच्या तळाशी ‘चूज टॅब’ आहे, तिथून ‘माय मेन्यू’ निवडा. नोंदी आहेत तशा असतील. वीस मावतात, पण आठ-दहाच्या पुढे गेलात की साध्या मेन्यूइतकंच शोधावं लागतं. ‘फॉरमॅट’ सगळ्यात वर ठेवू नका, गर्दीत बोट चुकतं.

यू१ साठी डायल आधी ए वर ठेवा. एफ ४ किंवा ५.६, ऑटो आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) चालू, कमाल ६४००, किमान शटर १/२५०, फोकस एएफ-सी (सतत धरून ठेवणारा). सगळं मनासारखं झालं की सेटअप मेन्यूत ‘सेव्ह यूजर सेटिंग्ज’, मग ‘सेव्ह टू यू१’. हेच गल्लीसाठी. यू२ मध्ये चौकातल्या उन्हासाठी एफ ८, शटर १/५००. यू१ मध्ये असताना ऐन वेळी काही बदललंत तर ते टिकत नाही. डायल फिरवून परत आणली की जपलेलंच समोर येतं. बदल कायमचा हवा असेल तर पुन्हा सेव्ह करा.

आणि काळी मारबत चौकटभर आली की उजेड मोजणारा मीटर फसतो. तो काळ्याला करडं करायला जातो आणि बाकी सगळं उजळून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन –०.७ ते –१. पिवळीला शून्यावर चालतं. ही सवय आदल्या दिवशी घरी काळ्या छत्रीवर करून बघा.

प्रश्न : कॅनन २००डी विकून आर८ घेतोय. १८-५५, ५५-२५० आणि ५० एफ १.८ या लेन्स ठेवू की विकू? (वर्धा रोड)

उत्तर : ५० ठेवा. कॅननचा ईएफ-ईओएस आर अडॅप्टर लावला की ती पूर्ण चालते. अडॅप्टरमध्ये काच नसते. ४४ आणि २० मिलिमीटरच्या माउंट-अंतरातला फरक तो भरून काढतो, एवढंच, त्यामुळे दर्जा घसरत नाही. बाकीच्या दोन ईएफ-एस, म्हणजे लहान सेन्सरसाठीच्या, आहेत. त्या चालतील, पण आर८ आपोआप १.६ ने क्रॉप करेल आणि २४ मेगापिक्सेलचे साडेनऊच्या आसपास उरतील. १८-५५ विका. ५५-२५० चा स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) मात्र कामाचा आहे, कारण आर८ च्या बॉडीत स्टॅबिलायझर नाही. बॅटऱ्या विकू नका, दोन्हीत एलपी-ई१७ च लागते.

प्रश्न : मे महिन्यात उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात दुपारच्या फेरीत ६०० एमएमला घेतलेले फोटो मऊ, म्हणजे किंचित धूसर, येतात. लेन्स बदलू? (नंदनवन)

उत्तर : पैसे वाचवा. तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरते, आणि शंभर मीटरवरचा वाघ त्या थरथरीतूनच दिसतो. शटर वाढवून किंवा महाग लेन्स घेऊन ते जात नाही. पहाटेच्या पहिल्या फेरीत, जवळच्या प्राण्यावर तीच लेन्स वापरून बघा. तिथेही मऊ आलं तर मग लेन्स तपासायला द्या. आणि जिप्सी चालू असताना लेन्स काढू नका. सेन्सरवर बसलेली लाल माती ब्लोअरने जाते, पण नेहमीच नाही.